न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी बास्केटबॉलच्या एका पंचांच्या गळ्यातली जुनी शिट्टी आहे. पितळी पत्रा वाकवून, पोटात एक गोळी घालून कारखान्यात मला घडवलं. आता माझा मुलामा उडाला आहे आणि तोंडाशी पंचांच्या दातांच्या खुणा पडल्या आहेत. त्यांच्या थुंकीची मला कधी किळस वाटली नाही. किळस वाटली ती मैदानावर पाहिलेल्या प्रकारांची.

चेंडूकडे बघत बरगडीत हाणलेलं कोपर, पंचांची पाठ वळताच मुठीत पकडलेली जर्सी, आणि वर 'मी काय केलं?' म्हणून साळसूदपणे उचललेले दोन्ही हात! अशा वेळी पंच मला फुंकत आणि मी जीव तोडून ओरडत असे. प्रेक्षक त्यांना शिव्या घालत, खेळाडू मात्र मानत.

एकदा मुलींचा अंतिम सामना होता. त्यातल्या एका संघाचा प्रशिक्षक म्हणजे पंचांचा सख्खा धाकटा भाऊ. दुसऱ्या संघात एक उंच मुलगी होती, तिला सगळे शिडी म्हणत. ती बास्केटसाठी उडाली, तेवढ्यात भावाच्या संघातल्या एका मुलीने हळूच तिच्याखाली पाय सरकवला. शिडी त्या पायावर उतरली. घोटा मुरगळला, आणि ती आवाज न करता खाली बसली.

दुसरे पंच लांब होते. आमच्या पंचांनी सगळं पाहिलं होतं. मी त्यांच्या दातांत होते, वाट बघत होते. श्वास आलाच नाही. त्या क्षणी मला त्यांच्या तोंडात राहायची शिसारी आली.

मध्यंतरात भाऊ पाण्याची बाटली घेऊन आला. "घे दादा. सांभाळून घेतलंस, बरं झालं."

"हे तू शिकवलंस तिला?"

"जिंकायचं तर शिकवावं लागतं. एवढं तेवढं चालायचंच."

पंचांनी बाटली घेतली नाही.

मध्यंतरानंतर तोच पाय आणखी एका मुलीखाली सरकला. ती पडली, आणि मी अशी वाजले की गोळी फुटते की काय असं वाटलं. पंचांनी पाय घालणाऱ्या मुलीला बाहेर काढलं. "सरांनीच सांगितलं होतं," ती रडत म्हणाली. भाऊ तावातावाने मैदानात घुसला.

"दादा, घरी आईला काय सांगशील?"

"ते मी बघतो. तू पण बाहेर हो."

सामना संपल्यावर पंच शिडीपाशी गेले. तिचा पाय खुर्चीवर होता, घोट्यावर बर्फ होता.

"तुझ्या वेळीही मी पाहिलं होतं, बाळा," ते म्हणाले.

"मग वाजवली का नाही?"

पंचांनी वाकून तिच्या घोट्यावरचा सरकलेला बर्फ नीट केला. ती मुलगी पुढे वर्षभर खेळू शकली नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. एवढंच करा, वर उडालेल्याला खाली पाय टेकायला जागा सोडा.