बांधावरचा लाल उजेड

मी एक बॅटरी बोलतेय. शहरातले लोक मला टॉर्च म्हणतात. चामोर्शीच्या आठवडी बाजारातून बापूजींनी मला आणलं ते धानात डुकरं शिरतात म्हणून. अंधारात काही खसफसलं की माणसाचा हात आधी माझ्याकडे येतो. त्यामुळे संशय घेणं हेच माझं काम, आणि माझा स्वभावही तसाच झाला. झुडूप हललं तर ते वाऱ्याने हललं असं मी कधीच मानत नाही.

बापूजींची मुलगी पुनम मूल गावच्या कॉलेजात शिकते. जानेवारीत तिने माझ्या तोंडाला जिलेटिनचा लाल कागद बांधला, तेव्हा मला तिचाही संशय आला. चांगल्या बॅटरीचं तोंड कोण झाकतं? ती बापूजींना म्हणाली, "पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात, मंग बारके तारे दिसत नाई."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराचं आभाळ आखलं होतं. शिमग्याच्या पुनवेला ग्रहण. ऑगस्टातल्या उल्का ऐन अवसेला, पण तेव्हा धानाची रोवणी आणि ढग, म्हणून तिथे फुली. डिसेंबरात धान घरी आलेलं, आभाळ स्वच्छ, तेव्हाचा उल्कावर्षाव तिला काही केल्या चुकवायचा नव्हता. धूमकेतूसाठी मात्र तिने कोपऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. तोवर तारे ओळखायची सवय व्हावी म्हणून ती दर अवसेला मला घेऊन बांधावर जायची. बापूजी काठी घेऊन मागे बसायचे.

आमच्या गावात माणसं रात्री बाहेर पडली तर चांदण्यात पडतात. वाघाची भीती असते. अवसेला कोणी जात नाही, आणि गेलंच तर चांगल्या कामासाठी जात नाही, असं सगळे धरून चालतात. त्यात माझा लाल उजेड. शेजारच्या शकुबाईंनी तो अंगणातून पाहिला. त्याच आठवड्यात त्यांच्या गाईने दूध चोरलं आणि नळावर करणीची कुजबुज सुरू झाली.

पुनमला वाटलं, ग्रहण दिसलं की गैरसमज जाईल. तिने आधीच घरोघरी सांगितलं की शिमग्याच्या पुनवेला चंद्र खाल्लेलाच उगवेल. संध्याकाळी माणसं शेतात जमली. शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून चंद्र वर आला, तो खरोखर कडेला खाल्लेला.

पुनम आनंदाने वळली. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. मग शकुबाई हळूच म्हणाल्या, "हिले आधीच कसं मालूम होतं?"

एवढंच पुरलं. गावात लटारूभाऊंचा शब्द चालतो. त्यांनी बापूजींना बसवून सांगितलं की पोरीने अंधार पडल्यावर अंगणाबाहेर पाय टाकायचा नाही, आणि बॅटरी आपल्याकडे राहील. बापूजींनी मान डोलावली आणि मला त्यांच्या हाती दिलं. त्याचा मला अजून राग आहे. पुनमने घरातल्या कॅलेंडरवर डिसेंबरातही फुली मारली, हे मी जाताना पाहिलं.

तेव्हापासून मी लटारूभाऊंच्या खुंटीवर आहे. परवाच्या अवसेला ते मला घेऊन बांधावर गेले. डुकरं पाहायला, असं घरी सांगितलं. मला ते खरं वाटलं नाही, कारण लाल कागद त्यांनी काढला नव्हता. पुनम बसायची तिथेच बसून त्यांनी मला विझवलं आणि मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. उठताना मला लावलं, तसा शकुबाईंच्या अंगणातून आवाज आला.

"कोन आहे बांधावर?"

"मी, लटारू."

"असं काय भाऊ. पायाखाली पाहून चाला, साप राह्यते."

आणि त्या आत गेल्या. तीच अवस, तोच बांध, तोच लाल उजेड. सकाळी नळावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

माझं एकच मागणं आहे. डिसेंबराच्या आत मला पुनमच्या हातात परत द्या. आणि संशयच घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, मीही घेते, पण मग लटारूभाऊंचाही घ्या.