बाईसाहेबांचा पाय

"हाड मोडलंय, बाई. उगाच हाल नकोत. सुई देऊन मोकळी करा तिला," मामंजी डॉक्टरीणबाईंना म्हणाले आणि घोडीच्या तोंडावरून हात फिरवत राहिले.

घोडीचं नाव बाईसाहेब. दाण्यात जरा धूळ दिसली की नाक मुरडायची, म्हणून मामंजींनीच ठेवलेलं. घोडेस्वारीच्या शाळेच्या तबेल्याचे माझे सासरे मुकादम. आम्ही मागच्याच खोल्यांत राहायचो. मालकांनी मामंजींना फोनवर सांगितलं होतं, तुम्ही म्हणाल तसं. सासूबाई म्हणायच्या, ह्यांच्या तोंडून 'चुकलो' ऐकायला मला पुढच्या जन्मी घोडीच व्हावं लागेल.

आदल्या रात्री बाईसाहेब निजताना भिंतीशी अडकली आणि सकाळपर्यंत एकाच कुशीवर पडून राहिली. सगळ्यांनी मिळून उठवली, तर पुढचा डावा पाय नुसता लोंबत होता. कोपर खाली उतरलेलं, गुडघा वाकलेला. पाऊल टाकायला गेली की खुराचं टोक फरफटायचं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी पेटी उघडलीच नाही. खांद्यापासून खुरापर्यंत पाय चाचपला.

"सूज नाही, हाडाची करकर नाही. दाबलं तरी अंग चोरत नाही. काका, तिचा पुढचा उजवा पाय उचला बरं." आणि स्वतः दोन्ही हातांनी तो वाकलेला गुडघा मागे दाबून सरळ धरला.

मामंजींनी नाखुशीनं पाय उचलला. बाईसाहेब त्या लुळ्या पायावर उभी राहिली.

"मोडलेल्या हाडावर भार घेतला असता का तिनं? नस दबलीय. पाय सरळ करणारी नस."

"नस दबून एवढा पाय लुळा पडतो होय?" मामंजींच्या कपाळावर आठी.

मला राहवलं नाही. "मामंजी, वन्संच्या लग्नात हे खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपले होते, आठवतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याचं मनगट वर उचलेना. मग मी घास भरवायचे. हात बरा झाल्यावरही हे बरेच दिवस भरवून घेत होते.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तसंच. पण बरी होईलच असं नाही सांगत. वाट बघावी लागेल."

मामंजींनी घोडीच्या मानेवरचा पेंढा झटकला. "बघू," म्हणाले.

पाय सरळ राहावा म्हणून मागून फळी बांधली, खूर घासू नये म्हणून चामडं गुंडाळलं. मामंजी रोज तिचा खांदा चोळायचे. खांद्यावरचं मांस झडायला लागलं तसं त्यांचंही जेवण कमी झालं. डॉक्टरीणबाई मात्र न बोलावता येत राहिल्या. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

एका सकाळी त्यांनी फळी सोडली. बाईसाहेब जरा थबकली. मग पाय उचलला, पुढे टाकला आणि खूर सपाट टेकवला. किंचित लंगडत ती दाण्याच्या घमेल्यापर्यंत गेली आणि नाक मुरडलं.

मामंजी नळाशी जाऊन तोंड धुऊन आले. "माझ्या शब्दावर गेली असती ती," म्हणाले.

"गेली नाही ना, काका."

मग पाण्याची बादली आणून मामंजी डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात उकिडवे बसले. बाईंचे बूट लिदीनं भरले होते.

"अहो, राहू द्या, काका."

"पाय द्या," मामंजी म्हणाले, घोड्यांशी बोलायचे त्याच आवाजात.

बाईंनी मुकाट्यानं पाय पुढे केला.