सातवं फडकं

"काळं आलं! बघा, काळं आलं!"

आरोळी उठली तशी मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून चवड्यांवर उभी राहिली. गाडीतळाच्या मधोमध एका मालमोटारीच्या पुढच्या चाकाशी महाराज बुटक्या स्टुलावर बसले होते. अंगात पांढरीशुभ्र कफनी, बोटांत चार अंगठ्या, आणि हातात मघाशी सगळ्यांना उलटसुलट करून दाखवलेलं कोरं फडकं. ते आता काजळीसारखं काळं झालं होतं. आणि ते जिथून फिरलं होतं, तिथलं ॲल्युमिनियम आरशासारखं लखलखत होतं. चालकाला त्यात स्वतःचं नाक दिसत होतं, आणि तो ते आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी बघत होता.

"चाक वरून पांढरं, आतून काळं," महाराज म्हणाले. "माणसासारखंच! किती रस्ते तुडवले यानं? किती जणांची नजर, किती चिरडलेल्या जिवांची हाय चिकटवून आणली? हा डाग म्हणजे पुढच्या अपघाताची चिठ्ठी आहे, बाबांनो. मी काही करत नाही. मी फक्त चिठ्ठी फाडतो."

मग दुसरं फडकंही डबीतल्या गुलाबी भस्मात बुडालं. तेही काळं. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी काळी. सहाव्यानं महाराजांनी चाक कडेकडेनं नीट पुसून घेतलं. सातवं त्यांनी कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि चाकावरून अलगद फिरवलं.

पांढरं! गर्दीनं श्वास सोडला. महाराजांनी ते फडकं चालकाच्या हाती दिलं. आता ते त्याच्या आरशाला लटकणार होतं.

गर्दीच्या कडेला वहिनी उभी होती, आणि तिच्या कपाळाची शीर उडत होती. कोपऱ्यावरचं चाकांना पॉलिश करायचं दुकान तिचं. नवऱ्यानं सुरू केलेलं, तो गेल्यावर आठ वर्षं तिनं एकटीनं चालवलेलं. धाकटा दीर याच तळावर गाडी लावायचा. तो वहिनी म्हणे, म्हणून सगळा तळच तिला वहिनी म्हणे.

त्या भस्माला रॉकेलचा वास येत होता. तिच्या दुकानातल्या पॉलिशलाही तोच वास होता. रंगही तोच. महाराजांनी फक्त डबी बदलली होती.

आणि काळं येतं, एवढ्यावर ही माणसं चार दिवस माना डोलवत होती! दुकानात पहिल्या दिवशी तिनंही हेच केलं होतं. फडकं पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही, असा निश्चय करून एकच चाक सकाळपासून जेवणवेळेपर्यंत घासलं होतं. नवऱ्यानं येऊन फडक्यांचा ढीग पाहिला आणि पोट धरून हसला होता. "अगं, चाक संपेल, काळं संपायचं नाही!"

हे तिनं चार दिवसांत कमीत कमी सहा जणांना सांगितलं होतं. सहाही जणांनी ऐकून घेतलं होतं आणि सहाही जण रांगेत उभे राहिले होते.

तेवढ्यात भावजींची शाळेची व्हॅन आत शिरली. आरशाला कालचं पांढरं फडकं डुलत होतं. वहिनीचं लक्ष पुढच्या डाव्या चाकाकडे गेलं. कालच महाराजांनी चकचकीत केलेल्या त्या चाकावर पुन्हा तपकिरी काळपट थर चढला होता. उरलेली तीन चाकं तिनं गेल्या आठवड्यात केली होती, ती अजून चमकत होती.

"भावजी, मिस्त्रीकडे जाऊन आलात?"

"नंबर रद्द केला, वहिनी." भावजींनी दार लावलं. "आता गरज काय? दोष निघाला."

"आणि हे काय आलंय मग चाकावर?"

भावजी वाकले, जरा चपापले. "उरलासुरला असेल. महाराज म्हणालेच होते, जुना दोष परत डोकावतो. पुन्हा सात फडकी करू."

"आणि पुन्हा आला तर?"

"तर पुन्हा."

"म्हणजे डाग गेला तर महाराज खरे, आणि आला तर दोष चिवट. भावजी, यात महाराज चुकलेत हे तुम्हाला कळायची काही सोय ठेवलीय का तुम्ही?"

"तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीत..." भावजी वैतागले. "श्रद्धा नसेल तर नसू दे. अपशकुनी बोलू नका."

"तीन आठवडे घसा कोरडा केलाय मी! चार चाकं एकाच रस्त्यावर पळतात. नजर लागायची तर चारींना लागेल. एकच का काळं पडतं? आत ब्रेक चाकाला धरून बसलाय. त्याची झीज बाहेर उडतेय, तापून धातूवर भाजली जातेय. अडीचला पोरांना घेऊन शाळेचा उतार उतरायचाय तुम्हाला. बारा पोरं. त्यात माझी आहे."

"माझी नाही का ती?" भावजींचा आवाज चढला. "पुतणीसाठीच तर केलं ना मी हे सगळं!"

खरं होतं ते. त्यांनी प्रेमानंच केलं होतं. म्हणून तर जास्तच चीड येत होती.

ती तरातरा दुकानात गेली. एका गिऱ्हाइकाचं नवंकोरं चाक खोक्यातच बंद होतं. ते तिनं ढकलत तळाच्या मधोमध आणलं आणि महाराजांच्या पुढ्यात आडवं केलं.

"महाराज, याचाही दोष काढा."

महाराजांनी वर पाहिलं. "रांगेत या, बाई."

"रांगेतच आहे. चार दिवस."

कुणीतरी फिसकन हसलं. तळावरचे सगळ्यांत जुने चालक अण्णा पुढे झाले. "वहिनी, अगं कारखान्याची चिकटपट्टी आहे की याच्यावर."

"तुमच्या हातानंच फोडा, अण्णा. मग म्हणायला नको, वहिनीनं काही लावलं."

अण्णांनी खोकं फोडलं. चाक निघालं. रस्ता न पाहिलेलं, कुणाची हाय न लागलेलं. वहिनीनं महाराजांच्याच पिशवीतलं एक कोरं फडकं अण्णांना दिलं. "आधी नुसतं फिरवा. कपाळाला लावलं नाहीत तरी चालेल."

अण्णांनी फिरवलं. पांढरं.

"आता भस्मात बुडवून."

अण्णांनी बुडवून चार वेळा घासलं आणि फडकं उलटलं. काळंकुट्ट.

गर्दीत कुजबुज झाली. आता तरी प्रकाश पडला असेल डोक्यात, असं वहिनीला वाटलं. तोच महाराज मंद हसले.

"चाक नवं आहे, माई, पण धातू? तो डोंगर फोडून काढला, भट्टीत जाळला. त्या डोंगराची हाय नाही लागणार?"

"हां!" मालमोटारवाला मान हलवत म्हणाला. "हे बरोबर आहे."

वहिनीनं डोळे घट्ट मिटले. डोंगराची हाय! उद्या तिनं चमचा घासून दाखवला, तर चमच्यानं खाल्लेल्याची हाय निघाली असती. हे असं कुठवर चालणार?

"अण्णा, त्याच जागी पुसून घ्या. आता पुन्हा कोरडं फडकं." पांढरं. "भस्माचं." काळं. "कोरडं." पांढरं. "भस्माचं." पुन्हा काळं. ती गर्दीकडे वळली. "दोष काय दारातून आत-बाहेर करतोय का? आठवा जरा. पाच फडकी डबीत बुडतात, सहावं पुसून घेतं. सातवं बुडतं का?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं.

"ॲल्युमिनियमला हवा लागली की वर पापुद्र्यासारखा कडक थर धरतो," वहिनी म्हणाली. आवाज तिनं कष्टानं खाली आणला होता. "पॉलिशमधली बारीक पूड तो थर खरवडते, खालचा धातूही किंचित खरवडते. तो भुगा इतका बारीक असतो की चमकत नाही, काळा दिसतो. चाक चकाकतं ते त्यामुळेच. जुनं असो, नवं असो, काळं येणारच. फडक्यावर येतं ते तुमचं पाप नाही. ते तुमचं चाक आहे."

"हे पुस्तकी ज्ञान..." महाराजांनी सुरुवात केली.

"पुस्तकी?" वहिनीनं दोन्ही तळहात त्यांच्यासमोर धरले. रेषारेषांत काळं मुरलेलं होतं. "वीस वर्षं निघतंय हे माझ्या हातांना. तुमच्या हिशेबानं या गावाचं सगळं पाप मीच धुतलंय. बसवा मला त्या स्टुलावर!"

आता मात्र हशा फुटला. महाराजांनी डबीचं झाकण लावलं.

पण वहिनीला हसू आलं नाही. भावजी मनगटावरचं घड्याळ पाहत व्हॅनकडे निघाले होते. सव्वादोन.

"भावजी, एक मिनिट. मला काही पटवायचं नाही तुम्हाला. फक्त या बाटलीतलं पाणी हातावर घ्या आणि पुढच्या उजव्या चाकाच्या आऱ्यांमधून आतल्या ब्रेकच्या तबकडीवर शिंपडा."

का कुणास ठाऊक, त्यांनी ऐकलं. बहुधा तिचा आवाज ऐकून. उजवीकडे थेंब ओघळून खाली गेले.

"आता डावीकडे."

चर्रर्र! वाफ उसळली. भावजींनी हात मागे घेतला. पुन्हा शिंपडलं. पुन्हा चर्रर्र. जळकट वास आला. इतका वेळ तोही येतच असणार, पण कुणाचं नाक तिकडे वळलं नव्हतं.

भावजी तिथेच उकिडवे बसले.

"अण्णा," ते मान वर न करता म्हणाले, "तुमची गाडी काढता? पोरांना घेऊन याल?"

अण्णा गेले. मिस्त्रीला बोलावणं धाडलं. जॅक लावून पुढची दोन्ही चाकं अधांतरी केली तेव्हा उजवं हातानं गरगर फिरलं. डावं भावजींनी दोन्ही हातांनी जोर लावला तरी कण्हत अर्धा वेढा सरकलं. मिस्त्रीनं चाक उतरवलं आणि आतून ब्रेकची पट्टी काढून भावजींच्या तळहातावर ठेवली. घासायचा थर संपला होता. लोखंडच उरलं होतं.

"किती दिवस अंगावर काढलंत हे?" मिस्त्री म्हणाला. "उतारावर पाय दाबला असतात आणि..." पुढचं त्यानं गिळलं. "अहो, चाक ओरडून सांगत असणार. डाग दिसला नाही का?"

"दिसला," भावजी म्हणाले. "पुसला."

गर्दी पांगत होती. महाराजांचं स्टूल केव्हाच उचललं गेलं होतं. मालमोटारवाला मात्र घुटमळत वहिनीजवळ आला. अण्णांनी वापरलेलं कोरडं फडकं त्याच्या हातात होतं.

"वहिनी, हे मी नेऊ का? तुमच्या हातचं आहे. आरशाला बांधतो."

वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला.

"बांधू नका, वापरा! रोज गाडी उभी केलीत की चारी चाकं पुसा. एखादं जास्त काळं का, विचारा. कशानं हे कळेना, तर ज्याला कळतं त्याच्याकडे जा. आणि कुणी काही म्हणालं, अगदी मी म्हणाले तरी, बाटलीभर पाणी घ्या आणि शिंपडून बघा. एवढंच करा हो. हात जोडते, एवढंच करा."

तो मान हलवून गेला. त्याला कितपत कळलं, देव जाणे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते तसंच परतवलं.

अण्णांची गाडी आत आली. खिडकीतून बारा पोरांचा कल्ला आला, आणि त्यातूनच तिच्या लेकीचा आवाज: "काका, तुमची व्हॅन लंगडी का झाली?"

भावजींचे हात कोपरापर्यंत वंगणानं माखले होते. ते व्हॅनमध्ये वाकले, आरशाला बांधलेलं सातवं फडकं दातांनी गाठ सोडवून काढलं, आणि त्याला हात पुसू लागले. ते काळं होईपर्यंत.