पहिले दीड हजार किलोमीटर

गाडी माझ्या नावावर आहे. सेक्टर 10 मधलं क्वार्टरही माझ्याच नावावर आहे, कारण स्टील प्लांटमध्ये नोकरी आता मी करते आणि बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक मलाच म्हणतात, एवढं चिडायचं काय होतं त्यात?

लाल रंगाची टर्बो इंजिनची गाडी. अकरा वर्षं मी स्कूटीवर प्लांटच्या रोलिंग मिलला गेले, मे महिन्याच्या उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून गेले, आणि ही एकच गोष्ट मनात धरून ठेवली. शोरूममध्ये चावी हातात देताना तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, चलाएगा कौन?" माझा पारा चढायला तिथूनच सुरुवात झाली.

गाडीसोबत आलेलं पुस्तक मी घरी येऊन दोनदा वाचलं. नवं इंजिन पहिले दीड हजार किलोमीटर जपायचं. आरपीएमचा काटा साडेतीन हजारांच्या वर न्यायचा नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, एकाच वेगाने फार वेळ चालवायचं नाही, आणि उभ्या गाडीत इंजिन उगाच चालू ठेवायचं नाही. एवढं सांभाळलं की मग पळवा हवी तेवढी. मला ते दीड हजार किलोमीटर माझ्या हाताने करायचे होते, एकेक करून.

घरात मात्र सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. माझा धाकटा भाऊ कमलेश हथखोजला एका फॅक्टरीत सुपरवायझर आहे. गाडी बघायला आला आणि पहिल्याच दिवशी अक्कल शिकवायला लागला.

"ताई, असं बैलगाडीसारखं कावून चालवून राहिली? एकदा नागपूर रोडले एकशे चाळीसवर खेच. इंजन खुल जाता है."

"हात लावून दाखव," मी म्हटलं. "या गाडीला कोणी हात लावायचा नाही. चालवायची नाही, जागची हलवायचीसुद्धा नाही. समजलं सगळ्यांना?"

आईने मान डोलावली. बाबा बशीतून चहा पीत होते. एक चावी माझ्या पर्समध्ये असायची. दुसरी पूजेच्या दिवसापासून आईच्या देवघरात पडून होती.

दुसऱ्या आठवड्यात पेट्रोल भराभर उतरायला लागलं. मी शिफ्टला स्कूटीवर जायची, गाडी फक्त संध्याकाळी आणि रविवारी काढायची. तरी काटा रोज थोडा खाली. समोरच्या पडद्यावर ॲव्हरेज चौदाचं सात झालं. किलोमीटरचा आकडा मात्र मी सोडला होता तिथेच. मी कमलेशला फोन करून धू धू धुतलं. "मीटरची वायर काढून चालवतोस ना तू?" तो म्हणाला, "माँ कसम, ताई, तू पागल झाली का?" आणि त्याने फोन ठेवला. नंतर तो आठ दिवस घरी फिरकला नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मग एका मंगळवारी अंगात कणकण होती म्हणून मी सकाळी सहाच्या शिफ्टमधून हाफ डे टाकून साडेदहालाच घरी आले. गेट उघडलं तर गाडी चालू. अंगणात उभी, घुर्रघुर्र करत. बॉनेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा बसलेले, एक हात बॉनेटवर, डोळे मनगटावरच्या घड्याळावर.

"बाबा, हे काय चाललंय?"

"तापवून राहिलो," ते म्हणाले. आणि हसले! "आज अकरावा दिवस. रोज अडीच तास. नवी वस्तू एकदम पळवली का तडकते, बाई. मी हलवली नाई हं. तू म्हटलं होतं ना? एक इंच नाई हलवली."

बाबांनी प्लांटमध्ये तेहतीस वर्षं भट्ट्यांच्या आतल्या विटांचं काम केलं. नवी भट्टी एकदम पेटवली तर विटा तडकतात, म्हणून ती दिवसेंदिवस हळूहळू तापवतात. कोक ओव्हनची अख्खी बॅटरी, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांची सबंध रांग, त्यांनी सत्तर दिवस तापवली होती आणि एक वीट तडकली नव्हती, हे आम्ही जेवताना शंभर वेळा ऐकलंय. त्या माणसाने माझ्या इंजिनालाही भट्टीच समजलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत वाकून इंजिन बंद केलं आणि ओरडायला लागले. इंजिन म्हणजे विटा नव्हेत. पिस्टनभोवती रिंगा असतात, आणि गाडी जोर लावून चालते तेव्हाच त्या सिलिंडरच्या भिंतीला दाबल्या जाऊन, घासून नीट बसतात. उभ्या गाडीत त्या नुसत्या वरवर फिरतात. भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग ते इंजिन जन्मभर तेल पीत राहतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, बाबा! शेजारच्या कांताकाकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. राहू देत, मला काय.

"तुम्हाला सांगितलं कोणी? विचारायचं तरी होतं मला!"

"बापाले विचारा लागते का?" आता तेही चिडले. "अन् तुले विचारलं असतं तर तू नाई म्हटलं असतं."

हेच वाक्य मी तेरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तेव्हा ते आईला सांगत होते, 'तिले विचारलं तर नाई म्हणन.' मी एकवीस वर्षांची होते. गोंदियाचा मुलगा, चांगलं घर, महिन्याभरात लग्न उरकलं. चौदा महिन्यांनी मी एक बॅग घेऊन परत आले. त्यानंतर या घरात गोंदियाचं नाव कोणी काढलं नाही.

"म्हणूनच विचारायचं असतं!" माझा आवाज फाटला. "नाही म्हणता यावं म्हणूनच विचारतात, बाबा!"

मी कशाबद्दल बोलतेय ते त्यांना कळलं. खुर्ची उचलून ते आत गेले.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला मेकॅनिक म्हणाला, आधी ऑइल बदला, मग गाडीला लोड द्या. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून ऐंशीपर्यंत जोर लावून न्यायची, पाय उचलायचा, आपोआप चाळीसवर येऊ द्यायची. असं वीस वेळा. नंतर हजार किलोमीटर ऑइल बघत राहा, उतरलं तर इंजिन खोलावं लागेल. "बाकी किस्मत, मॅडम." कमलेशची मी माफी मागितली, तीही ओरडूनच.

रविवारी सकाळी अहिवाऱ्याच्या रस्त्याला निघताना मी बाबांना म्हटलं, "बसा." का म्हटलं, ठाऊक नाही. कदाचित त्यांनी बघावं म्हणून. ते बसले. चुनखडीचे ट्रक गेल्यावर रस्ता मोकळा झाला की मी गाडी ओढायची आणि सोडायची. बाबा वरचं हँडल घट्ट धरून बसले होते. आठव्या वेळेला म्हणाले, "पोटात कसंतरी होऊन राहिलं." मी म्हटलं, "अजून बारा." वीस पूर्ण केल्यावरच गाडी घराकडे वळवली.

मग रोज सकाळी मी बॉनेट उघडून ऑइलची काडी पुसून बघायची. हजार किलोमीटर झाले, मीटरवर एकूण दीड हजारही उलटले, ऑइल होतं तिथेच होतं. इंजिन वाचलं. त्या संध्याकाळी मी एकटीने दुर्ग बायपासला जाऊन पहिल्यांदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि पाठ सीटला चिकटली तेव्हा मोठ्याने हसले. तरी घरी येऊन बाबांसमोर बसले की डोकं तापायचंच.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी पायरीवर चहा घेत बसले होते. बाबा हातात बादली आणि जुनं फडकं घेऊन आले. गाडीजवळ न जाता माझ्यासमोर उभे राहिले.

"हर्षा, गाडी धुऊन देऊ का?"

गाडी धुळीने माखली होती. त्यांच्याइतकी स्वच्छ ती कोणीच धुतली नसती.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग "बरं" म्हणाले, बादलीतलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला ओतलं आणि आत निघून गेले. वाद नाही, फुगणं नाही, काही नाही. एवढंच होतं ते. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून घ्यायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. इतकं सोपं होतं तर तेरा वर्षांपूर्वी काय झालं होतं यांना? माझ्या अंगाची अशी आग झाली की हातातला कप मी गेटवर भिरकावला.