काळ्या काचेतली माणसं

"आता दोन्ही बंद कर," अभिमन नाना म्हणाले.

श्रेयांसचा हात माऊसवरच थांबला. गेला अर्धा तास तो दोन लॅपटॉपवर एकच झेंडूच्या शेताचा फोटो लावून नानांना फरक समजावत होता. डावीकडचा ग्लॉसी. रंग भडक, काळा म्हणजे काळाभोर, पण दुकानातली ट्यूबलाइट त्यात जशीच्या तशी दिसायची. उजवीकडचा मॅट. त्यात रंग जरा निवलेले, पण डोळ्यांना गार. धुळ्यातल्या या दुकानात त्याचे आजोबा मिश्रीलालजी रेडिओ विकायचे, आता श्रेयांस लॅपटॉप विकतो. गिऱ्हाईक लॅपटॉप चालू करून पाहतं, हे त्याला ठाऊक होतं. बंद करून पाहणारं हे पहिलंच.

"बंद करून काय दिसणार, नाना?"

"तेच पाहू दे."

दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या. नानांनी चष्मा सावरला, आधी उजवीकडे पाहिलं आणि मग डावीकडे. डावीकडे पाहताना मात्र बाजारात ओळखीचं कुणी भेटावं तसा त्यांचा चेहरा उजळला. हाच हवा, असं त्यांनी सांगून टाकलं.

मागे उभी असलेली दिपमाला त्यांची एकुलती एक मुलगी. जळगावला शाळेत शिकवते, आणि दोन दिवसांची रजा काढून खास यासाठी आली होती. जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभी रेघ पडली होती. नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि चमक टाळा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने ते सगळं शिक्षिकेच्या शिस्तीने पुन्हा सांगितलं. नाना ऐकून घेऊन पुन्हा डावीकडेच पाहत राहिले. मॅट नको म्हणणारी आणि कारण न सांगणारी हट्टी म्हातारी माणसं श्रेयांसने रोज पाहिली असतील, पण या हट्टाचं मूळ त्याला सापडणं शक्य नव्हतं.

धुळ्याजवळच्या सोनगीरला स्टँडसमोर 'वच्छला फोटो स्टुडिओ' अशी पाटी आहे. पाटीवरचं नाव बायकोचं, आतले हात नानांचे. पूर्वी तिथे लग्नांचे अल्बम होत, शाळेचे फोटो होत. मग घरोघरी मोबाइल आले आणि जिवंत माणसांनी नानांकडे यायचं बंद केलं. मेलेल्यांनी मात्र साथ सोडली नाही. गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे उत्तरकार्याला, हार घालायला फोटो लागतो, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा धड फोटो नेमका कधीच नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, ज्यात माणूस जिवंतपणीच गेल्यासारखा दिसतो. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला, ज्यात अर्धा चेहरा व्याह्याच्या फेट्याआड असतो. त्यातून नाना माणूस बाहेर काढत. टोपी ठेवत, पदर सारखा करत, मिटलेले डोळे उघडत, लहानमोठे डोळे एकसारखे करून देत.

घरची माणसं मागच्या स्टुलावर बसत. जमला का, असं त्यांना विचारण्यात अर्थ नसतो हे नानांना फार लवकर कळलं होतं, कारण दुःखातलं माणूस भिडेपोटी कशालाही हो म्हणतं. म्हणून ते विचारतच नसत. फोटोतल्या माणसामागची जागा शेवटपर्यंत काळी ठेवत, आणि त्या चकचकीत काळ्यात मागे बसलेल्यांचे चेहरे वाचत. आधी डबा मॉनिटर होता, नंतर लॅपटॉप आला, पण काच चकचकीतच राहिली. नरडाण्याचा उखर्डू बापाचा फोटो करायला आला तेव्हा तीन तास दगडासारखा बसला होता. नानांनी त्याच्या बापाची टोपी जराशी तिरकी केली आणि काचेतल्या उखर्डूची हनुवटी थरथरली. नानांनी माऊस सोडला. आवाज आला तो त्यानंतर, "हाऊच. हाऊच शे मना आबा."

पंचक्रोशीत बोललं जाई की अभिमन नानांच्या हाताला गुण आहे. नानांनीही तो समज कधी मोडला नाही. एवढी लबाडी कारागिराला शोभते.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो खरा. वच्छलाबाई गेल्या त्याला येत्या सोमवारी वर्ष होणार होतं, आणि घरात त्यांचा फोटो नव्हता. स्टुडिओत आलेल्या बायकांचे पदर सावरण्यात त्यांचा जन्म गेला. कॅमेरा आपल्याकडे वळला की माझा कशाला म्हणत त्या आत पळत. सापडला तो भाचीच्या लग्नातला, जरा एका बाजूला वळून हसताना. गेल्या वर्षी त्या गेल्याच्या नवव्या दिवशी नाना तो घेऊन बसले, दिपमाला मागच्या स्टुलावर. दुपारभर काम चाललं. फोटो जमत आलाय असं वाटत असतानाच काचेतली दिपमाला ताडकन उठली, चहा टाकते म्हणाली आणि आत निघून गेली.

नाना काय समजायचं ते समजले. परक्यांचे आईबाप हुबेहूब उतरवणाऱ्या हाताला स्वतःची बायको उतरवता आली नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला. गंधमुक्तीला हार पडला तो आधार कार्डावरच्या फोटोला. गावाने तो पाहिला आणि मोठ्या समजूतदारपणे कुणी काही बोललं नाही. ते न बोलणं नानांना वर्षभर पुरलं. आता सोमवारच्या आत त्यांना एकदाच, शेवटचं, पुन्हा बसायचं होतं, आणि त्यासाठी ही काच हवी होती.

दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून श्रेयांस पलीकडे गेला. दिपमालाने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "नाना, खरं सांगा. मॅटचं काय वाकडं आहे?"

वीस वर्षं जपलेलं गुपित अशा दुकानात, स्पीकर आणि चार्जरच्या खोक्यांमध्ये, सांगावं लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मॅटवर मना हात नही चालनार, पोर," ते म्हणाले. "हाई काचमा माले मांगे बठेल मानसं दिखतस. त्येसना डोया देखीसन माले समजस, फोटो जमना का नही."

दिपमालाचा हात खांद्यावरच राहिला. "म्हणजे त्या दिवशी मीही दिसत होते?"

"दिखनी ना. तू उठीसन गयी. तव्हयच समजनं, तुन्ही माय माले नही जमनी."

वाकून तिने आपला चेहरा वडिलांच्या चेहऱ्याशेजारी आणला. बंद स्क्रीनच्या काळ्यात दोघं शेजारी शेजारी दिसू लागली, वर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी.

"नाना, काच काय एकाच बाजूनं दाखवते?" ती म्हणाली. "तुम्हाला मी दिसते तसे मला तुम्हीही दिसता. त्या दिवशी तुमच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तुम्ही ते पुसतही नव्हता. माय गेल्यापासून तुम्ही कुणासमोर रडला नव्हता. मी पाहतेय हे कळलं असतं तर तुम्ही तेही थांबवलं असतं. म्हणून उठले."

"अन् फोटो?"

"फोटोकडे मी पाहिलंच नाही, नाना."

नाना त्या काचेतल्या दोन चेहऱ्यांकडे पाहत राहिले. वर्षभर उराशी धरलेला हिशेब मुळातच चुकला होता. त्यांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच, आणि ते लपवायला जागा नव्हती. मग उखर्डू आठवला. त्याच्या बापाची टोपी तिरकी करताना आपलाही ओठ हलला होता, कारण आपले वडीलही टोपी तशीच घालत. उखर्डूला ते दिसलं असणार. त्या स्टुलावर बसून गेलेल्या सगळ्यांनाच काही ना काही दिसलं असणार. लोक हाताचा गुण म्हणत ते कदाचित हेच असेल.

श्रेयांस परत आला तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे ओले होते. ऑपरेशनचा डोळा म्हणून त्याने ट्यूबलाइट मालवायची तयारी दाखवली. नानांनी त्याला थांबवलं. काचेत वाचलेलं चुकतं हे कळल्यावर त्यांना आता काच नको होती; मॅटच बांधून दे म्हणून त्यांनी सांगितलं. अर्धा तास घसा कोरडा करूनही जे झालं नव्हतं ते पाच मिनिटांत कसं झालं, हे त्याला कळलं नाही, पण विकणाऱ्याने असले प्रश्न विचारायचे नसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून नाना बसले. दिपमाला सवयीने मागच्या स्टुलाकडे गेली. नानांनी मान हलवली, स्टूल ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि वर हात फिरवून धूळ पुसली. मग गेल्या वर्षीची फाइल उघडली.

वच्छलाबाई पडद्यावर आल्या. दिपमाला पहिल्यांदाच पाहत होती. तिने खूप वेळ घेतला. पदर सुरेख होता, कुंकू जागेवर होतं, कानातलं तेच होतं. काहीतरी मात्र नव्हतं.

"माय हसली की तिचा डावा डोळा बारीक व्हायचा," ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही सारखे केलेत."

नाना चपापले. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण वीस वर्षं लोकांचे डोळे सारखे करण्यात गेली, आणि हाताने बायकोचेही न विचारता सारखे करून टाकले. शहाण्या हातांचं असंच असतं, ते आपल्या माणसाचंही ऐकत नाहीत. नानांनी मूळ फोटो पुन्हा काढला, त्यातला डावा डोळा जसा होता तसा उचलला, त्याच्या कडेच्या सुरकुत्यांसकट, आणि परत जागेवर ठेवला.

मग त्यांची नजर सवयीने मागच्या काळ्या भागाकडे गेली. मॅट पडद्यावर तिथे नुसता काळा रंग होता. कुणीही दिसत नव्हतं.

वीस वर्षांत जे कुणालाच विचारलं नव्हतं ते त्यांना विचारावं लागलं.

"हाई शे का तुन्ही माय?"

जळगावला गेल्यापासून दिपमालाच्या तोंडची घरची बोली सुटली होती. नाना अहिराणीत बोलत, ती शाळेच्या मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती.

"शे," ती म्हणाली. "हाईच शे."

खरं म्हणते की भिडेपोटी, हे पाहायला नाना खुर्चीत वळले. दिपमाला हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक झाला होता. वच्छलासारखाच. इतकी वर्षं माणसांना काचेतच पाहायची सवय लागल्यामुळे असेल, नानांच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी स्वतःचे डोळे पुसले नाहीत. मग नानांनी फोटोच्या कागदाचं नवं पाकीट फोडलं, एक कागद काढला, त्यावर हलकेच फुंकर घातली आणि प्रिंटरमध्ये सरकवला.