पहिला घास मनुबाईचा

सुनेनं गोठ्यात मशरूम लावल्यापासून मनुबाईच्या पोटात जो गोळा आला होता, तो काही केल्या हलायला तयार नव्हता. म्हशी विकल्या तेव्हा ती गप्प बसली. गोठ्याला चुना मारला, सोयाबीनचं भुसकट उकळून पिशव्यांत भरलं, पिशव्या वाशांना टांगल्या, तेव्हाही चकार शब्द बोलली नाही. पण पिशव्यांच्या भोकांतून मशरूमचे पांढरे कान बाहेर आले आणि म्हातारीची झोप उडाली.

मनुबाईला एक धाकटी बहीण होती, गोजरा. लहानपणी तिनं बांधावरची अळंबी भाजून खाल्ली. उलट्या झाल्या, मग बरी झाली, अंगणात लंगडी खेळली, भाकरी मागून खाल्ली. आणि दुसऱ्या सकाळी उठलीच नाही. तेव्हापासून मनुबाईचा धडधाकट दिसणाऱ्या माणसावरही विश्वास उरला नव्हता.

शिवांजलीला हे सगळं ठाऊक होतं. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूनं तिला सांगितलं होतं. तरी ती कराडला जाऊन मशरूमचं शिकून आली. नवरा जयराज फौजेत, राजस्थानात. त्यानं फोनवर सांगितलं, "कर बिनधास्त." तिकडं बसून सांगायला त्याचं काय जातंय! आता रविवारी बचत गटाच्या बायका चव बघायला जेवायला येणार होत्या. त्यांना आवडलं की गावात गिऱ्हाईक तयार. मनुबाईच्या डोळ्यांपुढं मात्र ओळीनं आडव्या पडलेल्या बायकाच येत होत्या.

सुनेला तोंडावर "तुझ्या मालाची भीती वाटते" म्हणायची तिची छाती नव्हती. म्हणून शनिवारी शिवांजली प्लॅस्टिकचे डबे आणायला आष्ट्याला गेली, तशी म्हातारी गोठ्यात शिरली. आधी आपण खायचं. उद्यापर्यंत जगलो तर उत्तम, मेलो तर बायका तरी वाचल्या. आता मरायला निघालेलं माणूस चांगलंचुंगलं खाईल की नाही? पण विकायच्या मालाला हात लावायचा नाही, ही सवय तिला तेव्हाही सुटली नाही. एका पिशवीच्या बुडाशी काळपट, बारीक छत्र्या उगवल्या होत्या. शिवांजली तसल्या उपटून फेकून द्यायची. पिशवी एक म्हणजे माल एक, असं म्हणत मनुबाईनं त्याच खुडल्या, कांदा-चटणी घालून परतल्या आणि देवाचं नाव घेऊन खाल्ल्या. मग ओसरीवर भिंतीला टेकून पोटात काय होतंय ते बघत बसली. काहीच होत नव्हतं. गोजरालाही आधी काही झालं नव्हतं.

"आज्जी, भाजी लय भारी झालीया!"

मनुबाई धडपडत आत धावली. सकाळची शाळा सुटून नात मागच्या दारानं आत आली होती. सृष्टी चुलीपुढं बसून भाकरीच्या तुकड्यानं तवा पुसून खात होती.

"थुक! आदी थुक!" म्हातारीनं तिच्या तोंडात बोटं घातली. पोरगी भेदरून रडायला लागली. मरायचं मनुबाईनं फक्त आपल्यापुरतं ठरवलं होतं.

तेवढ्यात दारात शिवांजलीची स्कूटी थांबली. मनुबाईनं कसंबसं सांगितलं, "पोरीनं गोठ्यातलं खाल्लं गं. मी शिजवलं व्हतं."

शिवांजली स्कूटीवरून उतरलीच नाही. "कुठलं खुडलं तुमी?"

"बुडातलं. काळं."

सुनेनं स्कूटी तिथंच लावली. धावत गोठ्यात जाऊन तिनं त्यातली उरलेली एक छत्री डब्यात घातली आणि दोघींना स्कूटीवर बसवलं. एरवी स्कूटीला हात न लावणारी मनुबाई इस्लामपूरच्या दवाखान्यापर्यंत नातीला घट्ट धरून बसली होती. "दुखतंय का गं पोटात?" असं सारखं विचारायची, आणि पोरगी "न्हाई" म्हणाली की जास्तच घाबरायची.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं, छत्रीचा फोटो सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचा फोन आला. हे भुसकटात उगवणारं तण आहे, खायचं नसतं, पण जीव घेणाऱ्यातलं दिसत नाही. तरी उद्यापर्यंत इथंच ठेवा. सृष्टी कॉटवर पाय हलवत बिस्किट खाऊ लागली. तिला बिस्किट खाताना बघून मनुबाईला गोजराची भाकरी आठवली आणि रडू आवरेना.

शिवांजलीनं तिला बाहेरच्या बाकावर आणलं. "आत्ती, पण शिजवायचं काय अडलं व्हतं तुमचं?"

मनुबाईनं मान खाली घातली. "उद्या बायका खाणार व्हत्या. म्हटलं, आदी मी खाऊन बगते. मेली तर म्हातारीच मेली. तुज्यावर बालंट नको."

"म्हंजी तुमीबी खाल्लंय?"

"पोरीपरास जास्त."

"आनि आत्ता सांगताय व्हय!" शिवांजली एवढ्यानं ओरडली की नर्स पळत आली. म्हातारीलाही तपासलं, नातीशेजारच्या कॉटवर झोपवलं. सून तिच्या पायाशी बसली. आता ही फाडून खाणार, म्हणून मनुबाईनं डोळे मिटून घेतले.

पण शिवांजली हुंदके द्यायला लागली. "मी अजून एक घास खाल्ला न्हाई, आत्ती. कराडला समद्यांनी खाल्लं, मी रुमालात गुंडाळून फेकून दिलं. चांगलं हाय, ते कळतंय मला. पर तुमी भनीचं सांगितल्यापासनं भ्याच जाईना."

मनुबाई उठून बसली. "मग उद्या बायकास्नी कसं वाढणार व्हतीस?"

शिवांजलीनं ओढणीनं नाक पुसलं. "पयलं ताट तुमाला देणार व्हते. तुमी खाल्लं असतं, तर मीबी खाल्लं असतं."