खोक्याची घंटा

गाडीचं नाव आजीने ठेवलं होतं. खोकं. आजोबांनी त्याहून बरी दोन-तीन नावं सुचवून पाहिली, पण आजीच्या तोंडून एकदा निघालेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तसं ते काही खोटं नव्हतं. एका बेकरीची पाव पोचवायची जुनी गाडी ती, चार चाकांवर ठेवलेली चौकोनी पेटी. आजोबांनी वर्षभर खपून तिच्या पोटात घर बसवलं. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी, बादलीएवढं मोरीचं भांडं, एका बर्नरची शेगडी आणि नऊ खण. प्रत्येक खणाला लाकडी खिट्टी होती, कारण पहिल्याच चाचणीत एका वळणावर सगळे चमचे आजीच्या मांडीवर येऊन पडले होते. पत्रा तापला की अजूनही आत पावाचा वास सुटायचा आणि मुंगीला भलत्याच वेळी भूक लागायची.

मुंगी म्हणजे त्यांची नात, वय वर्षं दहा. चालताना दिसेल ते उचलून खिशात भरायची, म्हणून लहानपणीच तिचं हे नाव पडलं. तिच्या आईबाबांची बदली देशाच्या पार दुसऱ्या टोकाला झाली होती. ते आधी पुढे गेले, घर लावलं. सुट्टी संपेपर्यंत मुंगी आजी-आजोबांकडे राहिली, आणि आता ते दोघं तिला खोक्यातून पोचवायला निघाले होते. चार दिवसांचा रस्ता होता, कारण खोकं ताशी पन्नासच्या वर गेलं की खिडक्या कुरकुरायला लागायच्या. गुरुवारी निघून रविवारी संध्याकाळी पोचायचं होतं. सोमवारी मुंगीची नवी शाळा सुरू होणार होती.

या शेवटच्या गोष्टीचा विचारच मुंगीला नको असायचा. तीन वर्षांपूर्वीही अशीच एक बदली झाली होती. तेव्हा तिला शाळेत पोचायला उशीर झाला आणि ऐन तासात वर्गात जावं लागलं. चाळीस डोकी एकदम वळली. शिक्षकांनी नाव विचारलं, आणि तिचा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तीनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. ते हसू तिने खिशातल्या खड्यासारखं इतकी वर्षं जवळ बाळगलं होतं. कोणाला दाखवलं मात्र नव्हतं.

आजोबा एकतीस वर्षं बसचे ड्रायव्हर होते. एकच गाडी, एकच मार्ग. सकाळी साडेसहाला गाव सोडायचं, अकराला शेवटच्या स्टँडवर पोचायचं, अर्धा तास चहापाणी, की साडेअकराला परतीची फेरी. लोक त्यांच्या बसवर घड्याळ लावायचे. त्यांनी खोक्यात मागून पुढे एक दोरी ओढून घेतली होती आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर जुन्या बसची पितळी घंटा टांगली होती.

"घरात घंटा कशाला?" आजीने विचारलं होतं. "शाळा आहे का ही?"

"अगं, दोन टोले पडल्याशिवाय माझा पाय क्लच सोडत नाही. मी तरी काय करू?"

म्हणून मुंगी कंडक्टर झाली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. ती पुढे आजोबांच्या शेजारी बसली तरी दोरीचं टोक तिच्या हाताशीच असायचं.

आजी पोस्टात होती. गावोगावची पत्रं त्या त्या गावाच्या खणात लावण्यात तिची सगळी नोकरी सरली, आणि देशातली निम्मी गावं तिला खणांवरून पाठ होती. पाहिलेलं मात्र एकही नव्हतं. त्यामुळे एखाद्या गावाची पाटी आली की ती मागच्या खिडकीला नाक लावायची. "हेच का ते! डाव्या हाताचा वरून तिसरा खण. इथल्या लोकांचं अक्षर भारी वाईट हो." मग ते गाव मागे पडेपर्यंत ती एकेका दाराकडे बघत बसायची.

पहिल्या दिवशी निरोपाला शेजारीपाजारी जमले, त्यामुळे निघायला दहा वाजले. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पहाटेच सगळ्यांना उठवलं आणि साडेसहाला मुंगीने दोन टोले दिले. रस्ता सरळ, दुतर्फा शेतं. ऊन मुंगीच्या डाव्या गालावर होतं. वाटेत एक रेल्वेचं फाटक लागलं. गाडी यायची होती, म्हणून फाटकवाला काका खोक्याभोवती एक चक्कर मारून आला. आत डोकावून म्हणाला, "वा, माझ्या खोलीपेक्षा मोठं आहे की!" पुढे पाण्याची एक उंच टाकी आली. तिच्यावर कोणीतरी निळा मासा रंगवला होता, आणि माशाला चक्क भुवया काढल्या होत्या.

अकराला रस्त्याकडेच्या एका दुकानाशी ते थांबले. आजोबांनी चहा घेतला, टायरांवर एकेक लाथ मारून पाहिली, तोंडावर पाणी मारलं. आजी मागच्या फळीवर आडवी झाली आणि तिला लगेच डोळा लागला. बरोबर अर्ध्या तासाने मुंगीने दोन टोले दिले. आजोबांनी आरशात पाहिलं, हात दाखवला आणि सराईतपणे चाक फिरवून गाडी रस्त्यावर घेतली.

थोड्या वेळाने मुंगीच्या लक्षात आलं की ऊन आता आजोबांच्या बाजूला आहे.

"रस्ता वळला वाटतं," आजोबाच म्हणाले आणि त्यांनी काचेवरची उन्हाची झापड खाली केली.

रस्ता वळला नव्हता. पुढे पाण्याची टाकी आली. निळा मासा भुवया उंचावून मुंगीकडे बघत होता.

दोरी तिच्या हाताशी होती. एक टोला दिला असता तर झालं असतं. तिने दोरी धरलीसुद्धा. पण गाडी जसजशी पुढे, म्हणजे मागे, जात होती, तसतशी ती शाळा दूर जात होती. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. तिने दोरी सोडून दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आजोबा शीळ घालत होते. सव्वा तास तिने तोंडातून ब्र काढला नाही.

मग फाटक आलं. फाटकवाला काका हसत पुढे आला.

"काय हो, काही विसरलात का मागे?"

आजोबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. गाडी त्यांनी फाटकाजवळच्या झाडाखाली नेली, बंद केली आणि किल्ली काढून घेतली.

"कुठे आलो?" आजी मागून डोळे चोळत आली. तिने खिडकीतून पाहिलं. "अहो, हे तर सकाळचं फाटक!"

"ही किल्ली तू ठेव," आजोबा म्हणाले.

"मी काय करू किल्लीचं? मला सायकलसुद्धा येत नाही."

"लेकीला फोन करतो. जावईबापू येतील, पोरीला रेल्वेने घेऊन जातील. एखाददुसरा दिवस शाळा बुडेल, चालेल. खोकं इथेच कोणाला तरी देऊन टाकू." आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "सत्तर किलोमीटर उलटा आलो आणि मला पत्ता नाही. डोक्याचं काही खरं नाही आता. उद्या पोरगी शेजारी असताना भलतंच काही झालं म्हणजे?"

आजीने किल्ली पदराच्या गाठीत बांधली. तिने शेगडी पेटवली, अंडी उकडायला ठेवली. आजोबा झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसले. चाकावर नेहमी घट्ट असणारे त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते. फोन शेजारी गवतात होता.

मुंगीला हवं तेच होत होतं. शाळा बुडणार होती. पण तिने आपलं अंडं न खाताच बाजूला ठेवलं. तिने आजोबांसाठी पाव आणि अंडं नेलं, तर ते म्हणाले, "ठेव तिथे, बाळ." गेल्या वर्षभरात हेच आजोबा कानाला पेन्सिल लावून एकेका खिट्टीसाठी चार चार तास बसायचे, ते तिला आठवलं. ते फोन उचलायला वाकले, तशी ती म्हणाली,

"आजोबा, मला माहीत होतं."

"काय?"

"आपण उलटे चाललोय ते. टाकीवरचा मासा पुन्हा आला होता. मी घंटा दिली नाही."

आजोबांनी फोन खाली ठेवला. मागे शेगडीपाशी आजीचा हात थांबला. मुंगीला वाटलं, आता ओरडा बसणार. पण आजोबांनी शेजारची जागा हाताने साफ केली.

"बस. कुठून ओळखलंस? फक्त माशावरून?"

"नाही. आधी ऊन बदललं. डाव्या गालावरचं गेलं."

"ऊन मलाही दिसलं होतं," आजोबा म्हणाले. "मी त्याला कारण देऊन टाकलं. तू नाही दिलंस. बरं, मग घंटा का नाही दिलीस?"

तेव्हा मुंगीने तो जुना खडा बाहेर काढला. चाळीस डोकी, तीनदा विचारलेलं नाव आणि मागच्या बाकावरचं हसू. सांगताना मध्येच ती रडली, आणि आजोबांनी तिला रडू दिलं. घाई केली नाही.

"म्हणजे तुला तासाच्या मध्येच आत जायची भीती वाटते," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि आपण उशिरा पोचलो असतो, तर कधी आत जावं लागलं असतं?"

"तासाच्या मध्येच," मुंगी म्हणाली. हा विचार तिने केलाच नव्हता.

तेवढ्यात आजी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "तुमचं झालं असेल तर मी विचारू? आज सकाळी निघालो किती वाजता?"

"साडेसहा," मुंगी म्हणाली.

"थांबलो कधी?"

"अकराला."

"चहा किती वेळ?"

"अर्धा ता..." मुंगी थांबली. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा आजीकडे बघत होते.

"साडेअकराची परतीची फेरी," आजी म्हणाली. "कालच्या दिवशी दहाला निघालो, तर काही झालं का? नाही. अहो, डोकं नाही बिघडलेलं तुमचं. हात कामावर गेले होते, तुम्हाला न विचारता. मी रिटायर झाले तेव्हा आठवतं? दोन महिने साखरेच्या पुडीवर मूठ आपटत होते, शिक्का मारल्यासारखी. एक पुडी फुटली. मग तुम्ही काय मला घराबाहेर काढलं?"

"मुंग्या झाल्या होत्या घरभर," आजोबा म्हणाले. कितीतरी वेळाने त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"पण हात पुन्हा असे गेले तर?" त्यांनी विचारलं.

"म्हणूनच कंडक्टर असतो ना," मुंगी म्हणाली. मग मान खाली घालून तिने जोडलं, "मी आता नक्की घंटा देईन. मला नको असलेल्या रस्त्याला लागलो तरी."

आजोबांनी ताटलीतलं अंडं उचलून अख्खं तोंडात टाकलं आणि आजीपुढे हात पसरला. आजीने पदराच्या गाठीतून किल्ली सोडवून दिली.

निघताना फाटकवाला काका म्हणाला, "आता इकडे येऊ नका हो!" त्यावर तिघंही हसली. त्या दिवसानंतर आजोबांनी अकराला चहा घेतला नाही. साडेदहाला घ्यायचे, आणि मग गाडीत बसताना मोठ्याने विचारायचे, "कंडक्टर, गाडी कुठे चालली?" मुंगी उन्हाकडे बघून सांगायची आणि मगच दोन टोले पडायचे. निळा मासा तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने त्याला हात केला.

रविवारी दिवेलागणीला ते पोचले. आईने मुंगीला कवेत घेतलं, बाबांनी खोक्याचे नऊच्या नऊ खण उघडून पाहिले.

सोमवारी शाळेला न्यायला आईबाबा तयार होते, पण मुंगी म्हणाली, मी खोक्यातूनच जाणार. शाळा भरायला अजून अर्धा तास होता. फाटकासमोर पोरांचे घोळके उभे होते. खोकं कुरकुरत येऊन थांबलं, तशी सगळी डोकी वळली. चाळीस नव्हे, शंभर तरी असतील. मुंगीने दप्तर पाठीला लावलं आणि खाली उतरली.

आजोबा चाकावर हात ठेवून तसेच बसून राहिले. इंजिन चालू होतं.

"अहो, निघा ना," मागून आजी म्हणाली.

"कसा निघू? घंटा झालेली नाही."

दोन वेण्या घातलेली एक मुलगी जवळ आली होती. तिने आत डोकावून विचारलं, "हे तुमचं घर आहे?"

"नाही, गाडी आहे," मुंगी म्हणाली. "घर आत आहे." तिचा आवाज काही बारीक निघाला नाही. "दोरी ओढली की घंटा वाजते. एक टोला म्हणजे थांबा."

"आणि दोन?"

मुंगीने आजोबांकडे पाहिलं. आजोबा सरळ समोर रस्त्याकडे बघत होते, ड्रायव्हरने बघावं तसं. तिने हात आत घातला, दोरी धरली आणि दोनदा ओढली.

खोकं हललं. मागच्या खिडकीला नाक लावून आजी शाळेकडे बघत होती, एखाद्या खणाची पाटी वाचावी तशी. मुंगी ते वळणाआड जाईपर्यंत थांबली नाही. वेण्यांवाली मुलगी तिला नाव विचारत होती, आणि तिने ते एकदाच सांगितलं.